आणि तिसऱ्या दिसाक?

लस टोचायच्या दिवशी बायकांच्या रांगेत एखादा पुरुष उभा दिसला की माझं डोकं आधीच फिरतं. तो एक तर रांग मोडायला आलेला असतो, नाही तर सुई बघून पोराच्या आधी स्वतःच खाली बसणारा असतो. एकवीस वर्षं मी हे नर्सचं काम करते आहे. गुडघे गेले, आवाज गेला, धीर तर केव्हाच गेला. त्यामुळे त्या बुधवारी खाकी पँटीतला, पन्नाशी उलटलेला, दारातून वाकून आत येणारा एक धिप्पाड माणूस दीड महिन्याचं पोर हातावर घेऊन उभा दिसला, तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, हा आता माझा अर्धा तास खाणार.

अर्धा नाही, पाऊण तास खाल्ला.

आमचं केंद्र गोव्यातल्या पाळी गावापासून जरा आत, एका वाड्यावर. दोन खोल्या, पुढे बसायला सोपा आणि बाहेर आंब्याखाली बाक. लोखंडाची खाण चालू होती तेव्हा धुळीने या आंब्याची पानं वर्षभर तांबडी असायची. आता खाण बंद, पानं हिरवी, आणि माणसं रिकामी. त्यातलाच हा गुणाजी धुरी. मूळचा सिंधुदुर्गातला, सावंतवाडीच्या बाजूचा. खाणीवर ट्रक चालवायला म्हणून तरुणपणी इकडे आला तो इथलाच झाला. खाण थांबली तेव्हा मालकाने ट्रक त्याच्याच दारात ठेवला, लक्ष ठेव म्हणून सांगितलं आणि तो गेला तो गेलाच. गुणाजीची बायको चार वर्षांमागे वारलेली. मुलगी सुनीता काजूच्या कारखान्यात जायची, जावई लांबच्या रुटावर. तेव्हा मुलीची मुलगी, मनू, आजोबाच्या हातावर आली. हातावर म्हणजे खरंच हातावर. कोपरापासून पंज्यापर्यंत पोर पालथं निजवायचा, पाय दोन्ही बाजूंना लोंबते, आणि तसाच गावभर फिरायचा.

त्या दिवशी मनूला टोचलं, ती किंचाळली, आणि मी माझं नेहमीचं सांगणं सुरू केलं. एका दमात म्हणते मी ते. गुणाजीने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सिस्टर, परत एकदा सांगा." मी परत सांगितलं. त्याने विचारलं, तापाचं औषध किती? मी ड्रॉपरवर पेनाने रेघ मारून दिली. त्याने विचारलं, फडका थंड पाण्याचा की गरम? सांगितलं, कोमट. मग म्हणाला, परत पहिल्यापासून सांगा. मागे चौदा बायका चौदा पोरं घेऊन उभ्या. मी म्हटलं, अहो, तुम्ही लिहून घ्या हवं तर. तो म्हणाला, लिहिलेलं वाचायला चष्मा लागतो, चष्मा शोधायला मनूला खाली ठेवायला लागतं. आणि खिशातून फोन काढून त्याने माझ्या तोंडापुढे धरला.

मी इतकी वैतागले होते की त्या फोनवर खेकसलेच. अजून मला तो आवाज पाठ आहे, कारण पुढे तो मी नको तितक्या वेळा ऐकला. "आज संध्याकाळपासून ताप येईल. दोन दिवस राहतोच. टोचलंय तिथं गाठ येईल. चोळायचं नाही, शेकायचं नाही, वर काही थापायचं नाही. पोराला गुंडाळायचं नाही, एक पातळ झबलं पुरे. कोमट पाण्यात फडका पिळून अंग पुसायचं. दूध पाजत राहायचं. औषध रेघेपर्यंतच, सहा तासांच्या आत परत नाही. आणि दोन दिवस जरा दम धरा, घाबरून माझ्याकडे धावत येऊ नका." पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं: तिसऱ्या दिवशीही ताप असला तर मात्र लगेच या. पण तेवढ्यात आत कुणाचं तरी पोर बाकावरून घसरतंय अशी ओरड झाली आणि मी वाक्य तिथंच टाकून पळाले. परत आले तेव्हा गुणाजी फोन खिशात घालून निघून गेला होता. मला त्या राहिलेल्या वाक्याची आठवणही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच वाड्यावर माझी फेरी होती. भाड्याच्या सात खोल्यांची एक रांग, सगळी सिंधुदुर्गातली माणसं, ट्रकवाले, मजूर, काजूवाल्या बायका. रांगेच्या पुढे रस्त्याला चढ आहे आणि त्या चढावर गुणाजीचा ट्रक उभा, चाकांखाली हे मोठे दगड लावलेले. बॅटरी मेली होती, म्हणून तो ट्रक कायम चढावरच ठेवायचा. आठ दिवसांनी एकदा दगड काढायचे, ट्रक उतारावरून सोडायचा, अर्ध्यात गिअर टाकला की इंजीन जागं व्हायचं. मग खालून वळून परत वर, परत दगड. मी एकदा विचारलं, खाण बंद, मालक बेपत्ता, हे कशाला करता? तर म्हणाला, उभी गाडी मरते.

ट्रकच्या मागच्या फाळक्यावर खडूने काहीतरी लिहिलेलं होतं. जवळ जाऊन वाचलं तर मनूचा ताप. सकाळी सहाला किती, दहाला किती, औषध केव्हा, शी केव्हा. माझ्याकडे डॉक्टरांचे कागद येतात त्यांच्यापेक्षा अक्षर बरं. मी म्हटलं, हे घरात भिंतीवर लिहायचं ना. तर त्याचं म्हणणं, घरमालक भिंत रंगवायला लावेल. फाळका कुणाच्या बापाचा नाही.

आणि गडी दारात बसलेला. चहात उंडा, आमच्याकडचा कडक पाव, बुडवून खातोय एका हाताने, दुसऱ्या हातावर मनू. तिचा तळपाय त्याने आपल्या गालाला लावून धरला होता. मला वाटलं, लाड चाललेत. तर त्याने तळहात माझ्यापुढे पसरला. बाभळीच्या सालीसारखा. म्हणाला, "स्टेरिंगान हात मेले, सिस्टर. हेंका गरम-थंड कळना नाय. गालाक कळता." मी त्याला माझ्या पिशवीतला एक जादा थर्मामीटर दिला. त्याने तो घेतला, वापरलाही, पण गाल काही सोडला नाही. आधी गाल, मग काच. आणि दोघांचं जमलं नाही तर गालाचं खरं मानायचा.

पोर किरकिरायला लागलं की तो गाणंबिणं म्हणायचा नाही. तो रस्ता म्हणायचा. खाणीपासून नदीवरच्या जेटीपर्यंत जो रस्ता त्याने वीसेक वर्षं दिवसातून चारदा तुडवला, तो हळू आवाजात सांगत जायचा. आता वजनकाट्यावर आलो, आता वळण, आता शाळा, इथे हॉर्न नाही वाजवायचा, आता पूल. पोर फारच रडलं तर म्हणायचा, "चढण आसा गो, चढण. उतार येतलो." जेटी येईपर्यंत मनू झोपलेली असायची. मला त्याच्या सोप्यावर उभ्याउभ्या दोनदा डुलकी आली आहे, खोटं कशाला सांगू.

हळूहळू रांगेतल्या सगळ्याच पोरांचे ताप त्याच्याकडे यायला लागले. बायकांना बुधवारी लसीसाठी कारखान्यातून सुट्टी मिळायची, गुरुवारी कोण देणार? मग गुरुवारी सकाळी एकेक पोर गुणाजीच्या सोप्यावर. दुपारी आया धावत यायच्या, पाजायच्या, परत जायच्या. रांगेतले पुरुष त्याला दाई म्हणून चिडवायचे. तो म्हणायचा, व्हय, दाई तर दाई, तुझ्या पोराक घेवन बसतंस काय तू? की मग सगळे आपापल्या वाटेला.

म्हाताऱ्या बायांशी मात्र तो कधी भांडला नाही, आणि हे मला जमलेलं नाही आजवर. रेश्मा म्हणून एक मुलगी त्या रांगेत होती, तिची सासू भारी. ताप आला की पोराला लोकरीत गुंडाळायची, टाळूवर वेखंड थापायची, आणि मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकून दृष्ट काढायची. मी असते तर दोन शब्द सुनावून आले असते आणि पुढच्या बुधवारी ते पोर आलंच नसतं. गुणाजीने म्हातारीला सांगितलं, दृष्ट काढायलाच पाहिजे, चांगली सात मिरच्यांची काढ. फक्त ट्रकवरची नजर पोराला लागली असणार, येणारा-जाणारा ट्रक बघतो ना, तेव्हा मिरच्या ट्रकापाशी नेऊन जाळ. म्हातारी खूश. मिरच्यांचा ठसका शंभर पावलं लांब गेला. ती परत येईस्तोवर याने पोराची लोकर काढून पातळ झबलं चढवलेलं. म्हातारीने विचारलं तर म्हणाला, दृष्ट उतरली, तिच्याबरोबर लोकर पण उतरली.

आणि तो फोन. माझा तो खेकसलेला आवाज त्याने रांगेतल्या सगळ्या बायकांच्या फोनवर घालून दिला होता. मी वाड्यावर जायची तर एखाद्या दारातून मीच ऐकू यायची, चोळायचं नाही, शेकायचं नाही. सुरवातीला लाज वाटली. मग बरं वाटायला लागलं. घसा वाचला. खोटं कशाला बोलू, पुढे पुढे मी त्या रांगेतली बाई आली की सांगायचंच सोडून दिलं. तुमच्याकडे आहे ना माझा आवाज, तोच ऐका, म्हणायची आणि पुढचं नाव पुकारायची. गुणाजीला तिसऱ्या दिवसाचं ठाऊक होतं. मनूच्या पुढच्या दोन डोसांना त्याने माझ्या तोंडून ते ऐकलं होतं. पण बायकांच्या फोनवर गेला होता तो पहिला, अर्धा तुकडा. ते ना त्याच्या लक्षात आलं, ना माझ्या.

रेश्माचा मुलगा सोहम. साडेतीन महिन्यांच्या डोसाला ती त्याला घेऊन आली तेव्हा अशीच गर्दी. मी तिलाही तेच सांगून पिटाळलं.

त्या आठवड्यात गुणाजी रांगेत नव्हता. गावाला चुलत्याच्या बाराव्याला गेला होता. सुनीताने सुट्टी घेऊन मनूला सांभाळलं. बुधवारी संध्याकाळी सोहमला ताप आला, गुरुवारी होता, शुक्रवारी होता. रेश्माचा नवरा कर्नाटकात माल घेऊन गेलेला. ती कामावर गेली नाही, घरात बसून सगळं बरोबर करत राहिली. फोन लावायचा, माझा आवाज ऐकायचा, फडका पिळायचा. शनिवारी सकाळी पोर दूध ओढेना तेव्हा सुनीता तिला म्हणाली, सिस्टरकडे जाऊया. सासू म्हणाली, सिस्टरने येऊ नका म्हणून सांगितलंय, रागावेल. रेश्माने परत एकदा फोन लावून ऐकलं. आणि ती थांबली.

हे सगळं मला नंतर कळलं. शनिवारी दुपारी मी केंद्र बंद करायच्या बेतात होते. गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसले होते, डोळे मिटलेले. तेवढ्यात ट्रकचा हॉर्न. असा हॉर्न त्या रस्त्यावर कितीतरी महिन्यांत वाजला नव्हता. बाहेर आले तर गुणाजीचा ट्रक दारात धडधडतोय, इंजीन बंद करायची सोय नाही, बंद केलं तर परत चालू होणार नाही. केबिनमध्ये रेश्मा, मांडीवर सोहम. गुणाजी नुसता म्हणाला, "सिस्टर, चढा."

तो अर्ध्या तासापूर्वी गावाहून परतला होता. पिशवी खाली ठेवायच्या आधी सुनीताने सांगितलं. त्याने सोहमचा पाय गालाला लावला आणि सरळ चाकांखालचे दगड काढायला गेला. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावून ती येईपर्यंत थांबायचा धीर त्याला नव्हता.

ट्रकची पायरी माझ्या कमरेपर्यंत. कशी चढले ते आठवत नाही. सोहमला घेतलं. अंग भट्टी, पाय गार, नाकपुड्या फुलतायत, छातीच्या फासळ्यांखाली खड्डा पडतोय. आणि आवाज नाही. मला बघून रडणारं पोर, सुई आठवून रडणारं, ते माझ्या तोंडाकडे नुसतं बघत होतं. गुणाजी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "लसीचो ताप पोराक रडयता, सिस्टर. ह्यो ताप पोराक गप करता."

मी रेश्मावर ओरडले. तीन दिवस काय करत होतीस, माझ्याकडे का नाही आणलंस? नेहमीसारखीच ओरडले, वरच्या पट्टीत. तिने माझ्याकडे बघितलं. ती रडत नव्हती, तिचं रडून झालं असावं. म्हणाली, "तुमीच सांगितलात ना, येव नको म्हणान." मी म्हटलं, मी कधी सांगितलं? तिने पदराच्या गाठीतला फोन काढला आणि लावला.

ट्रकच्या त्या धडधडीतही माझा आवाज स्वच्छ ऐकू आला. आहेच तो तसा. चोळायचं नाही, शेकायचं नाही. मी वाट बघत राहिले पुढच्या वाक्याची. घाबरून माझ्याकडे धावत येऊ नका. आणि संपलं. फोन बंद झाला. मी म्हटलं, पुढे लाव. ती म्हणाली, पुढे नाही.

मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. गुणाजीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो पोराला रस्ता सांगायला लागला होता. आता वळण, आता देऊळ, आता पूल, पुलावर खड्डा आहे, धरा त्याला नीट, सिस्टर. चढण आसा रे बाबा, चढण. माझ्या मांडीवर ते पोर श्वासाला लागलेलं, आणि मी, एकवीस वर्षं काम केलेली नर्स, त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होते, की उतार केव्हा म्हणतोय. जन्मात मी इतका लांब रस्ता गेले नाही. आणि तो रस्ता माझ्या रोजच्या येण्याजाण्याचा.

निमोनिया होता. लसीशी काही संबंध नाही; तो होणारच होता, दोन ताप फक्त एकात एक मिसळले. हॉस्पिटलात डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, सुया लावल्या. म्हणाले, उद्यावर गेलं असतं तर अवघड होतं. मी त्यांना खरं ते सांगितलं, की यात माझी चूक आहे. ते पुढच्या पेशंटकडे वळले, त्यांनाही घाई होती. गुणाजी संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलच्या बाहेरच्या उतारावर ट्रक चालू ठेवून स्टेअरिंगवर बसून राहिला. मी बाहेर जाऊन म्हटलं, डिझेल संपेल, बंद करा, उतार आहे ना. तर म्हणाला, पोराचा श्वास वर चाललाय तोवर गाडी बंद करायची नाही. असलं काही ऐकून मी एरवी चिडले असते. त्या दिवशी पायरीवर बसून राहिले.

दहा दिवसांनी सोहम घरी आला. रेश्माने मला कधी काही म्हटलं नाही, पण पुढचे दोन महिने ती माझ्याशी डोळे मिळवून बोलली नाही. तो तिचा हक्क होता.

त्यानंतरच्या बुधवारी, गर्दी सरल्यावर, गुणाजी आला. पोर नव्हतं हातावर, त्यामुळे हाताचं काय करावं हे त्याला समजत नव्हतं. मला वाटलं, आता बोलणार हा. मीच आधी सुरू केलं. त्या दिवशी ओरड झाली म्हणून मी पळाले, मला एकटीला चार गावं बघायला लागतात, बायकांनी तरी डोकं वापरायला नको का, असं काय काय मी बोलत राहिले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग फोन काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "पयल्यापासून परत सांगा, सिस्टर."

मी म्हटलं, आधीचा तो पुसून टाका सगळ्यांच्या फोनवरचा. तो म्हणाला, पुसला, सातही घरांत जाऊन, आपल्या हाताने. मग मी सांगायला लागले. सावकाश. मला असं सावकाश बोलायची सवय नाही, मध्ये दोनदा अडखळले. चोळायचं नाही, शेकायचं नाही, कोमट पाणी, रेघेपर्यंत औषध, दोन दिवस ताप राहतो. एवढ्यावर मी थांबले. खरं सांगते, पुढचं वाक्य तोंडातून निघेना. फोन तसाच धरून त्याने विचारलं, "आणि तिसऱ्या दिसाक?"

मी म्हटलं, "तिसऱ्या दिवशी ताप असला, किंवा त्याच्या आधी पोर दूध ओढेना, गप्प पडलं, तर कसलीही वेळ असो, माझ्याकडे या. मी रागावले तरी या."

त्याने फोन बंद केला, खिशात घातला, म्हणाला, आता बरोबर. आणि वाकून दारातून बाहेर गेला.

पुढच्या उन्हाळ्यात मालकाला ट्रकची आठवण झाली. कुणी दुसराच ड्रायव्हर नवीन बॅटरी घेऊन आला आणि ट्रक घेऊन गेला. मनूची दुसरी आजी, जावयाची आई, पोराला बघायला म्हणून राहायला आली होती. गुणाजी म्हणाला, माझं इथलं काम झालं, आता भावाबरोबर शेत करतो. तो निघाला त्या सकाळी मी फेरीवर होते. मी त्याला शेवटचा बघितला तो चढावर. ट्रक नव्हता, पण चाकांखालचे चार दगड रस्त्यात तसेच पडलेले. तो एकेक दगड उचलून कडेला गटाराच्या बाजूला नेऊन ठेवत होता. मनू त्याच्यामागे दुडदुडत होती, तिने पण एक खडा उचललेला. मी हाक मारून विचारलं, कशाला आता? म्हणाला, कुणी तरी ठेच लागून पडेल. मला घाई होती. मी हात केला आणि पुढे गेले.

श्रावणात सुनीता मनूला दीड वर्षाच्या डोसाला घेऊन आली. सोबत पुरुष नव्हता म्हणून मी थट्टेने विचारलं, दाई कुठे? तिने सांगितलं, बाबा गेला. लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून काम केलं, ताप आला. लेप्टो, शेतातल्या चिखलातून लागतो तो. मी विचारलं, केव्हा नेलं डॉक्टरकडे? ती म्हणाली, पाचव्या दिवशी. घरचे म्हणत होते, पण तो म्हणाला, भिजल्याचा ताप आहे, दोन दिवसांत उतरेल.

मला इतका राग आला. सुनीता समोर उभी, मनू माझी सुई बघून आईच्या गळ्यात शिरलेली, आणि मी मेलेल्या माणसावर चिडलेली. सात घरांच्या पोरांचे ताप खडूने लिहून ठेवलेस रे बाबा, आणि तुझा कुणी फाळक्यावर लिहिला नाही? गालाला पाय लावून बघणारं कुणीच नव्हतं तिथे? तुला विचारायचं होतं ना कुणीतरी. हे सगळं मनातल्या मनात. मनूच्या दंडाला टोचलं, ती किंचाळली, आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, चढण आसा गो, चढण. सुनीता वळून भिंतीकडे बघत राहिली.

त्यालाही आता दिवस झाले. माझी बदली झाली नाही, गुडघे तसेच आहेत, रांगेत माणसं बदलली. गेल्या बुधवारी एक नवीन मुलगी आली, दोडामार्गाकडची, पहिलं पोर, फार घाबरलेली. टोचून झाल्यावर मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, आमच्या शेजारच्या रेश्माताईने दिलंय, तुमचंच आहे ना हे, सिस्टर? आणि तिने फोन लावला. मी ऐकत उभी राहिले. चोळायचं नाही, शेकायचं नाही. मागे आमचा जुना पंखा खटखट करतोय तोही ऐकू येतो त्यात. दोन दिवस ताप राहतो. मग मी थांबले होते ती जागा. मग त्याचा आवाज, हळू, पोर झोपलेलं असल्यासारखा. आणि तिसऱ्या दिसाक?

फोनमधली मी बोलायच्या आधी मीच बोलले. मी रागावले तरी या, म्हटलं.

मुलगी हसली. पोराला खांद्यावर घेत तिने विचारलं, "सिस्टर, ह्यो बाबा कोण विचारता हा?"

मागे अकरा बायका उभ्या होत्या. मी म्हटलं, बस जरा, सांगते.